मोडीत निघालेला नळ

गेल्या वर्षी उन्हाळ्यात डोंबिवलीतील आमच्या इमारतीचे नळ बदलले. इमारत चाळीस वर्षांपूर्वीची. आतले पाइप लोखंडाचे, वर जस्ताचा मुलामा. प्लंबर ज्यांना 'जी. आय.' म्हणतात ते. वरच्या मजल्यावर पाण्याची धार करंगळीएवढी झाली होती आणि सकाळची पहिली बादली चहाच्या रंगाची भरत असे. आठवड्याभरात जुने पाइप भिंतींतून निघाले, त्यांच्या जागी फिकट पिवळे सीपीव्हीसीचे आले आणि फाटकाशेजारी गंजक्या नळांची एक रास उभी राहिली. सभासदांचे म्हणणे एकच होते, 'हे आधी इथून हलवा.'

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्याच्याजवळ वजनकाटा होता, एक कानस होती आणि दोरीला बांधलेला लोहचुंबकाचा तुकडा होता. पण वजन करण्याआधी तो पाना घेऊन बसला आणि पाइपांना चिकटून राहिलेल्या पितळी तोट्या, व्हॉल्व्ह एकेक करून सोडवू लागला. मुलामा असलेल्या तोटीवर कानस मारून आतला पिवळा रंग बघायचा, शंका आली तर चुंबक लावायचे. सांडपाण्याच्या जुन्या बिडाच्या पाइपाचे चार तुकडे होते. त्यांच्या जोडांतली शिशाची कडी त्याने छिन्नीने ठोकून वेगळी काढली. आमचे सेक्रेटरी कंटाळून म्हणाले, "अहो, सगळं एकदम तोला ना. निवडत काय बसलात?" तो मान वर न करता म्हणाला, "साहेब, लोखंडात पितळ गेलं की तुमचंही नुकसान आणि पुढे भट्टीवाल्याचंही."

तुमचे नुकसान म्हणजे काय ते सेक्रेटरींना लगेच कळले, कारण पितळेला किलोमागे लोखंडाच्या कितीतरी पट दर असतो. भट्टीवाल्याचे नुकसान मात्र जरा खोलात जाऊन समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी या नळात कोणकोणते धातू आहेत आणि ते तिथे कसे आले हे पाहावे लागेल.

मोड आणि कल्याण

तांब्या-पितळेचे भांडे चिरले की पूर्वी ते कासाराकडे जायचे. कासार त्याची 'मोड' घ्यायचा, म्हणजे घडणावळीची किंमत सोडून नुसत्या धातूचे वजन धरायचा, आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा करायचा. 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग आज आपण टाकून देणे या अर्थाने करतो, पण मूळ व्यवहारात टाकणे नव्हतेच. वस्तू मोडायची, धातू राहायचा. (गोव्यात 'भांगर' म्हणजे सोने. आपल्या 'भंगारा'शी त्या शब्दाचे नाते असो वा नसो, आमच्या भंगारवाल्याला ते ऐकून आनंद झाला असता.)

आपण ज्या परिसराबद्दल बोलत आहोत तिथे धातूंची ये-जा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात कल्याणचा 'कॅल्लिएना' असा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची जी यादी आहे तिच्यात तांबे, कथील आणि शिसे हे तीन धातू आहेत. दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहनांची बरीचशी नाणी शिशाची आणि पोटिनची आहेत. पोटिन म्हणजे तांबे, कथील, शिसे यांचे मिश्रण. कान्हेरीच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात कल्याणच्या लोहाराने दिलेल्या दानाची नोंद आहे. आणि सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी कल्याणहून निर्यात होणाऱ्या वस्तूंत इमारती लाकूड आणि कापड यांच्याबरोबर तांब्याचे, किंवा तांब्याच्या मिश्रधातूचे, नाव घेतो. कल्याणच्या खाडीकाठी तांब्याची खाण नाही. तेव्हा हा धातू कुठून तरी आलेला, आणि त्यातला काही भाग तरी मोडीतून आलेला असणार, असा तर्क करायला जागा आहे.

नळ मात्र इथे फार उशिरा आला. ठाणे हे तळ्यांचे गाव, कल्याणलाही तलाव आणि विहिरी होत्या. ठाण्यातल्या पोखरण रस्त्यांना ज्या तलावावरून नाव पडले त्याचे पाणी एके काळी शहराला पुरवले जात असे.

बंदुकीच्या नळ्या

इंग्रजीतला 'प्लंबर' हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून, 'प्लंबम'वरून आला. रोमन लोक शिशाचे पत्रे वळवून नळ करीत. शिसे मऊ असते, हाताने वाकते, सहज वितळते आणि हजारो वर्षे गंजून जात नाही. त्याचे विषारीपणही त्यांना अगदीच अपरिचित नव्हते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकाराने शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या फिकट पडलेल्या चेहऱ्यांकडे बोट दाखवून मातीचे नळ वापरावेत असा सल्ला दिला होता. तो फारसा कोणी मानला नाही.

लोखंडी नळाची गोष्ट मात्र मोडीपासूनच सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोळशाच्या वायूचे दिवे आले. वायू खेळवायला बारीक, मजबूत नळ्या हव्या होत्या आणि त्या बनवण्याची स्वस्त रीत कोणाला ठाऊक नव्हती. त्याच सुमारास नेपोलियनशी चाललेली युद्धे संपली आणि निकामी बंदुकांचे ढीग पडले. त्या बंदुकांच्या नळ्या टोकाला टोक जोडून वायू नेण्यासाठी वापरल्या गेल्या असे सांगतात. १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने तापलेली लोखंडी पट्टी साच्यातून ओढून तिच्या कडा एकमेकींना सांधण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तेव्हापासून लोखंडी पाइप हा गजाने विकत मिळणारा माल झाला.

मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते १८६० मध्ये, विहार तलावातून, विलायतेहून आलेल्या बिडाच्या नळांनी. १८९२ मध्ये तानसा धरण झाले आणि ठाणे जिल्ह्यातले पाणी ठाण्याच्या अंगणातून मुंबईला जाऊ लागले. या वाहिन्यांच्या काठच्या कित्येक गावांनी पुढची अनेक वर्षे त्या नळाचा फक्त आवाज ऐकला, पाणी पाहिले नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जस्ताचा पहारा

बीड जाड असते म्हणून टिकते. घरात न्यायचा अर्धा इंची लोखंडी नळ पातळ असतो आणि पातळ लोखंड आपल्या दमट हवेत काही पावसाळ्यांत संपते. त्यावरचा उपाय निघाला तो समुद्रावर.

जहाजांच्या लाकडी तळाला किडा लागू नये म्हणून तांब्याचा पत्रा ठोकत; खाऱ्या पाण्यात तो झिजे. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्हीने दाखवले की त्या पत्र्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडला की तांबे झिजायचे थांबते आणि तो तुकडा झिजतो. ज्या 'समरंग' या जहाजावर हा उपाय करून पाहिला गेला, ते हिंदुस्थानात, कोचीनला, सागवानी लाकडात बांधलेले होते. तांबे वाचले. पण पूर्वी विरघळणाऱ्या तांब्यामुळे जे शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटत नसत ते आता खुशाल चिकटू लागले, जहाजांचा वेग मंदावला आणि नौदलाने तो नाद सोडला. शास्त्र बरोबर, उपयोग चुकीचा. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेलने तेच तत्त्व लोखंडाला लावले. स्वच्छ केलेले लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायचे आणि बाहेर काढायचे. या क्रियेला त्याने गॅल्व्हानीचे नाव जोडले आणि आपल्याकडे जस्ती बादल्या, जस्ती पत्रे, जस्ती नळ आले.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. दोन लोखंडी खिळे घ्या, एकाभोवती जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा (जुन्या साध्या सेलचे कवच जस्ताचे असते, ते स्वच्छ धुऊन वापरता येते) आणि दोन्ही मिठाच्या पाण्यात ठेवा. दोन दिवसांत एकाच भांड्यात तांबूस गाळ दिसेल. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देते, म्हणून मुलाम्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी आधी आजूबाजूचे जस्त खर्ची पडते. रंगाला हे जमत नाही.

हे जस्त सहज हाती येणारे नव्हते. त्याचे खनिज कोळशाबरोबर सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावे लागते, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे भट्टीत धातू तयार होतो तोच वाफेच्या रूपात. हवा लागली की ती वाफ जळते आणि पांढरी राख हाती येते. ही अडचण पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडवली ती राजस्थानातल्या जावर येथे, बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपास. तिथे वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत रचत आणि वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवत. वापरून झालेल्या मुशींचे तिथे एवढे ढीग साचले की लोकांनी घरांच्या भिंतीही त्यांच्याच रचल्या. युरोपात अशी खाली वाफ उतरवण्याची रीत ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये पेटंट केली. जस्ताची ही उडून जाण्याची खोड लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

ठाण्यात वागळे इस्टेट आणि डोंबिवलीत औद्योगिक वसाहत उभी राहिली ती १९६०च्या दशकात. त्यामागोमाग चाळींच्या जागी इमारती आल्या, बारवी धरणाचे आणि उल्हास नदीचे पाणी आले. ठाण्याची महानगरपालिका १९८२ मध्ये झाली, कल्याणची १९८३ मध्ये. या सगळ्या काळात बांधलेल्या घरांत जी. आय. पाइपच घातले गेले. त्यांवर रंगाचे पट्टे असत: पिवळा हलक्यासाठी, निळा मध्यमसाठी, लाल जाडसाठी. आमच्या राशीतल्या एका तुकड्यावर चाळीस वर्षांनीही निळा पट्टा ओळखू येत होता.

मध्यम जाडीचा अर्धा इंची पाइप मीटरला सुमारे १.२ किलो भरतो. बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर, आतला सुमारे १६. आत-बाहेर मिळून मीटरमागे पृष्ठभाग होतो ०.११७ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम जस्त धरले तर एका मीटरवर साधारण ४७ ग्रॅम. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित घालायला हरकत नाही. म्हणजे नव्या पाइपाच्या वजनात जवळजवळ चार टक्के जस्त असते. आतले जस्त पाणी हळूहळू खाते, मग लोखंड गंजू लागते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून धार बारीक होते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते. नळ कधी भरलेला, कधी ओला आणि हवेने भरलेला, हेही गंजाच्या पथ्यावर पडते. गीझरकडचा नळ बहुधा आधी जातो, कारण साधारण ६० अंशांच्या वर काही पाण्यांत जस्त आणि लोखंड यांची भूमिका उलटते आणि पहारेकरीच चोरांना सामील होतो.

वितळवणे आणि वेगळे करणे

आमच्या फाटकावरची रास टेम्पोतून गेली. अशा राशी लहान दुकानांतून शिळफाटा-मुंब्रा भागातल्या भंगाराच्या गोदामांत जमतात आणि तिथून तळोजा, जालना अशा ठिकाणच्या पोलाद कारखान्यांकडे जातात. जालन्याला विजेच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून त्याच्या लाद्या व पुढे बांधकामाच्या सळ्या करतात. भंगारापासून एक टन पोलाद केले तर सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पोलादाच्या भंगारासाठी वेगळे धोरण जाहीर केले ते यामुळेच. आमच्या स्वयंपाकघरातला नळ आता कुठल्यातरी नव्या इमारतीच्या स्लॅबमध्ये असेल.

आता भट्टीवाल्याचे नुकसान. लोखंड वितळते १५३८ अंशांना. तोवर जस्त केव्हाच उकळून गेलेले असते. जावरच्या कारागिरांनी मुशी उलट्या करून जे टाळले तेच इथे घडते: वाफ जळते आणि जस्ताच्या ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. भट्टीवर चांगला धूळगाळ असेल तर ती धूळ गोळा होते आणि तिच्यातून जस्त परत मिळवता येते. नसेल तर ते जस्त हवेत जाते आणि कामगारांच्या छातीत. जस्ती पाइप गॅसने कापणाऱ्याला किंवा वेल्डिंग करणाऱ्याला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते, एक-दोन दिवसांत ते ओसरते. जुने वेल्डर हा ताप चांगला ओळखतात.

शिशाची तऱ्हा निराळी. ते ३२७ अंशांना वितळते, पोलादात मिसळत नाही आणि जड असल्यामुळे तळाशी जाऊन भट्टीच्या अस्तराच्या भेगांत उतरते. काही वाफ होऊन जाते. बिडाच्या पाइपांच्या जोडांत ओतलेले शिसे डोळ्यांना दिसते तरी. पण जुन्या जी. आय. नळाच्या आट्यांवर तागाबरोबर लावलेला सफेदा किंवा शेंदरी लेप शिशाचाच असू शकतो, आणि पूर्वी मुलाम्यासाठी जे जस्त वापरत त्यातही अर्ध्या ते सव्वा टक्क्यापर्यंत शिसे असे.

आणि पितळ. पितळेतले जस्त उडून जाते, तांबे मात्र पोलादात विरघळते आणि तिथेच राहते. तांब्यापेक्षा लोखंड ऑक्सिजनशी लवकर जोडले जाते, त्यामुळे ऑक्सिजन फुंकून कार्बन, सिलिकॉन काढता येतात तसे तांबे काढता येत नाही; आधी लोखंडच जळून जाईल. तांब्याचे प्रमाण पाव-अर्ध्या टक्क्याच्या घरात गेले की तापलेले पोलाद लाटताना पृष्ठभागावर चिरा पडू लागतात. आपल्या राशीला हे लावून पाहू. पितळी तोटी ३०० ग्रॅमची, त्यात तांबे साधारण १७० ग्रॅम. चाळीस किलो पाइपांत अशी एकच तोटी राहून गेली तर तांबे होते ०.४ टक्के. एक तोटी, सुमारे तेहेतीस मीटर नळ. फाटकापाशी ती सोडवायला भंगारवाल्याला एक मिनिट लागले होते. भट्टीत गेल्यावर तिच्यातले तांबे बाहेर काढण्याची परवडणारी रीत आजही नाही. त्यात शुद्ध लोखंड आणखी ओतून ते पातळ करायचे, एवढाच उपाय आहे. आणि तेच पोलाद पुन्हा मोडीत आले की तांबे पुन्हा त्याच्याबरोबर येते. सातवाहनांच्या टांकसाळीत पोटिन ओतणाऱ्याला ही चिंता नव्हती, त्याला मिश्रणच हवे होते.

निवडण्याचे हे काम कोण करतो, कुठे करतो, हेही पाहिले पाहिजे. आमच्याकडे तो अंगणात, उजेडात, पान्याने करत होता. पण मालकाने घाईने सगळे एकत्र दिले तर तेच काम पुढे गोदामात घणाने आणि गॅस कटरने होते. जोडांतले शिसे कुठेतरी उघड्या कढईत वितळते. शेजारी मुले वावरत असतात. मुलांच्या रक्तात शिशाचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणखी एक गोष्ट प्लंबर सहसा सांगत नाहीत: दोन्ही टोकांना बुचे लावलेला पाइपाचा तुकडा तसाच देऊ नये. आत पाणी राहिले असेल तर भट्टीत त्याची वाफ होऊन स्फोट होतो. तसेच सांडपाण्याच्या जुन्या करड्या पाइपांत बिडासारखे दिसणारे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचेही असतात. चुंबक लावून पाहावे. चिकटले नाही तर तो पाइप फोडू नये आणि धातूच्या राशीत टाकू नये. ओला ठेवून सबंध बाजूला काढावा.

नव्या नळांना गंज नाही, पण मोडही नाही. आमच्या प्लंबरने कापलेले सीपीव्हीसीचे तुकडे भंगारवाल्याने हातात घेतले आणि परत ठेवले. प्लास्टिक आले म्हणून शिसेही लगेच गेले नाही: पीव्हीसी पाइप बनवताना शिशाची संयुगे मिसळली जात, आणि त्यांवर बंधन घालणारे केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले.

राशीतला वीतभर तुकडा मी ठेवून घेतला. वर्कशॉपमध्ये तो उभा चिरून घेतला तेव्हा आत गंजाचे फोड दिसले, वारुळासारखे एकावर एक, आणि मधे पेन्सिल जेमतेम जाईल एवढी वाट. बाहेरच्या बाजूला मात्र, भिंतीच्या चुन्यात बुडालेल्या भागावर, करडे जस्त बरेचसे शाबूत होते. तो तुकडा आता घराजवळच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. तिथल्या सरांनी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून मुलांना बुडबुडे दाखवले. एका मुलीने विचारले की बाहेरचे जस्त शिल्लक असताना त्याने आतले लोखंड का वाचवले नाही. सरांनी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि मला फोन केला. दोन धातूंना जोडणारे पाणी एकच असावे लागते, बाहेरच्या जस्तापर्यंत आतले पाणी पोचत नाही, हे उत्तर मी सांगितले. पण ते मुलांना लगेच न सांगता खिळ्यांचा प्रयोग दोन वेगळ्या भांड्यांत करून बघा, असे आमचे ठरले.